अण्णांची वळकटी

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. नलूपाशीही नाही — नलू म्हणजे माझी बायको, जिच्यापासून मला पगारवाढसुद्धा धड लपवता आली नाही. हे मात्र लपलं. इतकी वर्षं लपलं, की मधूनमधून मलाच वाटायचं, खरंच घडलं होतं का? घडलं होतं. आणि ते मी केलं होतं.

पण आधी एक सांगू द्या. मला दारूची आवड नव्हती. हसू नका, खरं सांगतोय. दोन पेग झाले की मी बसल्या जागी झोपायचो. मला आवड होती ती दारूच्या भावाची. कुठल्या गावात बाटली कितीला, कुठल्या देशात तिच्यावर कर किती, शेजारच्या देशात तो का नाही — हे बोलायला लागलो की मला थांबवणं कठीण. मी कराच्या खात्यात कारकून होतो, त्यामुळे आकडे माझ्या तोंडात. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार माणसं जमली की मी सुरू. बहारीनला काय मिळतं, आणि समुद्राच्या पलीकडे सौदीत कसं औषधालाही नाही. दमणला काय भाव, आणि तीच बाटली आपल्याकडे येईपर्यंत तिच्यावर अबकारी कर, विक्रीकर, वर जकात कशी चढते. 'तुम्ही दारू पीतच नाही हो, तुम्ही कर पिता,' हे माझं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. मला वाटायचं, माझ्या ज्ञानाला हसतायत.

यातला एकही देश मी पाहिलेला नव्हता, हे सांगायला नको.

मग ऐंशीच्या दशकात, राजीवच्या — माझ्या मुलाच्या — चौथीच्या सुट्टीत, सोसायटीची नेपाळची सहल निघाली. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस, सोनौलीचा नाका ओलांडून पोखरा, काठमांडू. मी ऑफिसात जाहीर करून टाकलं — स्कॉच आणतो, इथल्या निम्म्या भावात. साहेबांना एक, हेडक्लार्कना एक, आणि एक अशीच, पुराव्यादाखल. 'शेजारी देश आहे, पण कराची पद्धत वेगळी,' मी त्यांना समजावलं. साहेबांनी पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

आता अडचण अशी, की सहलीला माझे सासरेही होते.

अण्णा मूळचे मालवणकडचे, जन्म गेला गिरणीत. साच्यावरचे किती सोबती दारूपायी संपलेले त्यांनी पाहिले होते. निवृत्त झाल्यावर घाटकोपरला चाळीत त्यांनी दारूबंदी मंडळ काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाले. पांढरी टोपी, जाड काचांचा चष्मा आणि सदऱ्यावर मंडळाचा बिल्ला. तो बिल्ला ते पशुपतिनाथाच्या दर्शनालाही लावून आले होते. कोणी पिऊन चाळीत शिरला तर अण्णा ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. त्याच्या दारात पाट घालून बसायचे, तो शुद्धीवर येईपर्यंत. मग म्हणायचे, 'चाय घे.' लोक याला जास्त घाबरत.

अशा माणसाचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा दिनू, चोरून देशी प्यायचा. हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. अण्णांनाही. सहलीत दिनूही होता — त्याला चार दिवस नजरेसमोर ठेवावं म्हणून अण्णांनीच त्याचे पैसे भरले होते.

काठमांडूत मी 'जरा लोकरीचे मोजे बघतो' म्हणून एकटाच निघालो. दुकान सापडलं. दुकानदारानं भाव सांगितला, आणि मला आनंदानं घाम फुटला. तिथं दोन रुपये चालायचे — एनसी म्हणजे त्यांचा, आयसी म्हणजे आपला. आपला भारी. मी मनातल्या मनात त्यांच्या रुपयांचे आपले रुपये केले आणि तीन बाटल्या बांधायला सांगितल्या. एवढंच नाही, तिथल्या गिऱ्हाइकांना दोन्ही देशांतल्या करांचा फरकही समजावून सांगितला. दुकानदार शांतपणे ऐकत होता. मी पैसे पुढं केले तेव्हा तो म्हणाला, 'साहब, भाव आयसी में बोला था.'

तेव्हा परत फिरता आलं असतं की नाही? आलं असतं. पण तीन माणसं माझं व्याख्यान ऐकून उभी होती हो. मी हसलो, 'हां हां, मालूम है,' म्हणालो, आणि पैसे मोजले. मुंबईत फोर्टातल्या फूटपाथवर जी चोरटी बाटली मिळते, तिच्याहून ही अकरा रुपयांनी स्वस्त पडली. बस.

मोजे घ्यायचे राहिलेच.

परतायच्या आदल्या दिवशी बसवाल्यानं सांगितलं, सोनौलीला आपले कस्टमवाले बॅगा उघडतात, तरुण माणसांच्या तर हमखास. तरुणांत मीही आलो. आणि मग — बघा, इथं मी थांबतोय. हे वाक्य मला अजून सरळ लिहिता येत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे मी अण्णांना म्हणालो, 'अण्णा, तुमची वळकटी मी बांधतो.'

ते अवघडले. जावयानं सासऱ्याचं अंथरूण बांधायचं? 'रवांदेत हो, जावयबापू,' म्हणाले. मी ऐकलं नाही. 'मुलासारखाच ना मी,' असंही म्हणालो. हे शब्द मी वापरले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते तोंड धुवायला गेले. तेवढ्यात गोधडीच्या आत, त्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, मी तिन्ही बाटल्या ठेवल्या. वर सुतळी आवळली. पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्याचं अंथरूण कोण उघडणार? माझा हिशेब असा होता. माझे हिशेब कसे असतात ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

त्याच दिवशी दुपारी सोनौलीला माझी बॅग कोणी उघडलीच नाही. दिनूचीही नाही. कस्टमचा माणूस सरळ वळकटीपाशी आला, बोटानं दाबून बघितली आणि म्हणाला, 'बाबाजी, खोलिए.'

अण्णांनी हसत सुतळी सोडली. त्यांना वाटलं, याला गोधडी बघायचीय. धोतर उलगडलं आणि एकेक बाटली बाहेर आली. अख्खी सोसायटी बसच्या सावलीत उभी राहून बघत होती. कस्टमवाल्यानं बाटल्यांकडे बघितलं, मग अण्णांच्या बिल्ल्याकडे. बिल्ला मराठी होता, पण दारूबंदी हा शब्द वाचायला हिंदीवाल्याला काय अडचण?

'किसका माल है?' त्यानं विचारलं.

अण्णांनी मान वर केली. आधी दिनूकडे बघितलं. बराच वेळ. दिनू आ वासून बाटल्यांकडे बघत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. नक्की सांगता येत नाही, कारण मी रस्त्यापलीकडच्या एका म्हशीकडे बघत होतो. अतिशय लक्ष देऊन बघत होतो.

'मेरा हाय,' अण्णा म्हणाले. 'जो टॅक्स होयेगा, लिखो. मैं भरता.'

कस्टमवाला म्हणाला, बाटल्या सोडून द्या नाहीतर कर आणि दंड भरा. अण्णा म्हणाले, सरकारचं देणं बुडवणार नाही. भरलं. म्हणजे त्या बाटल्यांवर आता नेपाळचाही कर बसला, भारताचाही, वर दंड. जगातली सगळ्यात महाग स्कॉच झाली ती. मग ती त्यांनी कडेच्या गटारापाशी नेली, आणि झाकणं त्यांच्या बोटांनी फिरेनात म्हणून मला हाक मारली. मी एकेक बाटली उघडून दिली. त्यांनी ओतली. तिसरी ओतताना ते हळूच म्हणाले, 'वास बरो आसा नाय?' मी झाकणं गोळा करू लागलो.

मुंबईपर्यंत बसमध्ये आणि गाडीत त्यांच्याशी कोणी नीट बोललं नाही. नलू तोंडावर पदर घेऊन रडत होती. घरी आल्यावर तिनं एकच वाक्य धरलं, 'हे दिनूनंच केलं.' त्या वर्षी भाऊबीजेला तिनं त्याला ओवाळलं नाही. दिनू दारात येऊन उभा राहिला, तिनं ताट आणलंच नाही. मी आत बसून करंजी खात होतो. मी बाहेर आलो नाही.

एका संध्याकाळी अण्णा मुलुंडला आले. मला जिन्याखाली घेऊन गेले. 'जावयबापू, तुमका म्हणान सांगतंय. कोणाक बोलू नकात. तां माझ्या झिलान, दिनून केल्यान; तुमी बांधलेली वळकटी मागसून तेणाच सोडल्यान. मी तेका विचारूक नाय. विचारलंय तर तो खोटा बोलतलो, आणि मगे माझो झील खोटारडो ठरतलो. त्यापरीस मी बेवडो ठरलंय तां बरा.'

मी म्हणालो, 'तुम्ही मोठे आहात, अण्णा.' हे शब्द मी वापरले.

आठवडा गेला नसेल, दिनू आला. तोही मला जिन्याखालीच घेऊन गेला. 'भावजी, कुणाला सांगू नका. म्हातारा पितो.'

'काय बोलतोस तू?'

'आयुष्यभर लपून पितोय, यार. आणि काय पितो बघा — स्कॉच. मी इथं देशी संत्र्याच्या फुग्यावर दिवस काढतोय, आणि बापाचा टेस्ट बघा.' मग तो जरा मागं सरला. भिंतीला टेकला. 'त्यानं सोडायला पाहिजे हो. या वयात लिव्हर जाईल. मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मीच पितो.'

आता हे कसं झालं ते ऐका. दिनूनं धीर करून बापाला सांगितलं, 'अण्णा, मी सोडतो. पण तुम्हीही सोडायची.' अण्णांना वाटलं, पोरगा आपली चूक कबूल करतोय, फक्त लाजेनं असं बोलतोय. ते म्हणाले, 'सोडलंय.' दोघांनी देवापुढं हात जोडले. दिनूनं त्यानंतर थेंब घेतला नाही. बापाच्या काळजीनं सोडली त्यानं. आणि अण्णांनी कधी घेतलीच नव्हती ती दारू पोरासाठी सोडली.

यावर तुम्ही म्हणाल, झालं ते बऱ्यासाठीच झालं. नलूला जर हे माहीत असतं तर तिनंही कदाचित म्हटलं असतं. मी मात्र तसं म्हणणार नाही. कारण पुढं जे झालं ते मी पाहिलंय.

मंडळाच्या सभेत अण्णा स्वतःहून उभे राहिले. 'माझ्या अंथरुणात तीन बाटल्ये सापडले. मी टॅक्स भरलंय. अशा माणसान अध्यक्ष रवाचा नाय,' एवढंच बोलले. माझ्या नव्हत्या, असं म्हणाले नाहीत. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सदऱ्यावर त्या जागी कापड जरा जास्त पांढरं दिसत होतं. मग त्यांनी नवा अध्यक्ष सुचवला. शिकलेला, सरकारी नोकरीतला, कर आणि कायदा कळणारा, आणि मुख्य म्हणजे निर्व्यसनी.

हो. मी. मी एकदा 'नको' म्हटलं, लोकांना तो विनय वाटला. दर शनिवारी मुलुंडहून घाटकोपरला जाऊन मी दारूचे दुष्परिणाम सांगू लागलो. भाषणं चांगली व्हायची. दारूवर कर आणखी वाढवा, असा ठरावही मी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. अण्णा मागच्या बाकावर बसायचे. त्यांच्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी असायची. पिऊन आलेल्या कुणाच्या दारात ते पुढं कधी पाट घालून बसले नाहीत. एकदा बसायला गेले होते, आतून तो माणूस म्हणाला, 'अण्णा, तुमचं तुम्ही बघा.' ते पाट काखेत घेऊन परत आले. हे मला दिनूनं सांगितलं.

काही वर्षांनी अण्णा गेले. शोकसभा मंडळातच झाली, अध्यक्ष मीच. दिनू बोलायला उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नाही. तो म्हणाला, 'माझे वडील प्यायचे. सगळ्यांना माहीत आहे, मी कशाला लपवू? पण माझ्यासाठी त्यांनी सोडली. एवढं मोठं कोण करतं?' सभेत बायका डोळे पुसू लागल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. नलू पहिल्या रांगेत होती. तिनं दिनूकडे बघितलं, आणि उठून त्याला जवळ घेतलं. तिलाही आता ते खरं वाटत होतं. अण्णा प्यायचे.

सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्षांनी समारोप करायचा होता. मी उठलो. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं — किती शब्द लागतात? मी म्हणालो, 'अण्णांसारखा माणूस होणे नाही,' आणि खाली बसलो.

दिनू माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा ओला होता. त्यानं माझा हात धरला आणि घट्ट दाबला, आभार मानल्यासारखा.

मी हात काढून घेतला नाही.