वलवणचा पाहुणा

वलवणच्या उतारावर मी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ते चुकीच्या रोपाला. हे कळेपर्यंत खरं रोप मी भाजी म्हणून खाऊन बसलो होतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो पावसाळा. आम्हा चौघांना रानातली झाडंझुडपं ओळखायचा नाद. पुण्याचे एक मास्तर, जंगल खात्यातले एक कारकून, सोमाटण्याचे म्हातारे वैद्यबुवा आणि लोणावळ्याला रेल्वेत चिकटलेला मी. आमचा एक रिवाज होता. फूल पाहिल्याशिवाय रोपाला नाव द्यायचं नाही. तोवर त्याला ‘पाहुणा’ म्हणायचं आणि ज्याचं घर जवळ, तो त्याचा यजमान.

त्या आषाढात वैद्यबुवांना वलवणच्या धरणाजवळ, उतारावर, असा एक पाहुणा सापडला. गवतासारखी लांब पानं, बाकी काही नाही. पण म्हातारा तिथंच चिखलात बसला.

“लहानपणी वडिलांबरोबर पाहिलं होतं हे. पांढरं फूल. वास असा, की घरी पोचलो तरी हाताला होता. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.” मग डोळे पुसत म्हणाले, “यंदा दिसेल मला. पुढच्या साली या डोळ्यांचं काय सांगावं.”

यजमान अर्थात मी.

कुंपण घालायला गेलो तोवर तिथं फोडशी माजली होती. फोडशी म्हणजे आमच्याकडची पावसाळी रानभाजी, पानं थेट त्या पाहुण्यासारखी. त्यातलं सगळ्यात टवटवीत रोप ते आपलं, असं मी ठरवून टाकलं. पाहुण्याला ऐसपैस जागा हवी म्हणून भोवतालची सगळी भाजी मुळासकट उपटली, आणि एवढी कोवळी टाकवेना म्हणून पिशवीत भरून घरी आणली. बायकोनं हरभऱ्याची डाळ घालून केली.

“जरा कडसर झालीय,” मी म्हणालो.

“आणलीच असेल तशी,” ती म्हणाली.

पुढं दर रविवारी मी छत्री घेऊन कुंपणाशी हजर. गुरं वळणारे एक आबा एकदा थांबून म्हणाले, “भाऊ, हितं काय पुरलंय का?”

“पाहुणा आहे.”

“मग घरी न्या की. पावसात कशापायी ठिवलाय?”

कळी दिसताच मी तिघांना कार्डं टाकली. वैद्यबुवा तळेगावापर्यंत बैलगाडीनं आणि तिथून आगगाडीनं आले, तेही लग्नाला निघाल्यासारखा धुतलेला कोट घालून. कुंपणापाशी ते गुडघ्यांवर बसले आणि भिंग काढलं. मास्तरांनी एकवार रोपाकडं पाहिलं आणि धरणाकडं तोंड फिरवलं. कारकून उगाच खोकले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वैद्यबुवांनी फुलाला नाक लावलं. बराच वेळ लावलं.

“वास नाही,” ते म्हणाले. “फोडशी आहे ही. हिच्या आजूबाजूचं कुठं गेलं?”

“खाल्लं,” मी म्हणालो.

कुणीतरी हसेल अशी माझी आशा होती. कुणी हसलं नाही.

“कसं लागलं?” वैद्यबुवांनी विचारलं.

“जरा कडसर.”

म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर उजळला. “मग तोच. मी एक पान चावलं होतं तेव्हा. वडिलांनी पाठीत धपाटा घातला होता.” एवढं बोलून त्यांनी भिंग चामड्याच्या पाकिटात ठेवलं. पाकिटाचं बटण काही लागेना. मी लावायला पुढं झालो, तर हात बाजूला घेऊन म्हणाले, “राहू दे. तेवढं दिसतं अजून.”

स्टेशनापर्यंत ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, पावसाबद्दल, मुलांबद्दल. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं.

घरी येऊन, न जेवता, बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावरून उतरवली.

“त्या भाजीत एकाला कांद्यासारखा गोल गड्डा होता. फोडशीला कधी असतो का? टाकवेना, म्हणून परसात अळवाजवळ पुरलाय. पुढच्या आषाढात वैद्यबुवांना इकडंच जेवायला बोलवा,” ती म्हणाली. “आणि तोवर तुम्ही त्या वाफ्यात पाय ठेवू नका.”