जावयाच्या पानात बन

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ दे, हसणारच तुम्ही, तोंडं बघूनच कळतंय! तर मी कोल्हापूरचा माणूस. रविवारी आमच्या घरातून मटनाचा वास आला नाही तर शेजारी विचारायला येतात, कुणाला बरं नाही का म्हणून. त्या मी, मटनाच्याच बाबतीत अशी काही माती खाल्ली, की आजही बेंगळुरातल्या जे. पी. नगरच्या त्या गल्लीत शिरताना मी मान खाली घालून चालतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळुरात कॉम्प्युटर कंपनीत होतो. कंपनीनं तीन महिने अमेरिकेला पाठवलं आणि तिकडून मी एक पदार्थ शिकून आलो. खिमा घ्यायचा, त्यात कांदा, ढबू मिरची, टोमॅटोचा सॉस, व्हिनेगर, मोहरी आणि चांगला मूठभर गूळ. तिकडे ब्राऊन शुगर घालतात, आपण गूळ. सगळं रटरट शिजवून सरबरीत ठेवायचं आणि गोल बनमध्ये भरून खायचं. खाताना निम्मं मनगटावर आलंच पाहिजे, त्याशिवाय ते जमलं असं म्हणत नाहीत!

परत आल्यावर मला त्याचं वेडच लागलं. विकतचा सॉस नको, मी टोमॅटो आटवणार. बेकरीचे बन नकोत, मी कणीक तिंबणार आणि आमच्या त्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये भाजणार. माझी बायको शुभदा पहिला घास खाऊन म्हणाली, "अहो, हे मटन आहे की जॅम?"

मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची मला सवयच नव्हती तेव्हा. आता आहे असं शुभदा म्हणत नाही, पण ते असो.

खाली आमचे घरमालक राहायचे. नंजप्पा आणि गौरम्मा, म्हणजे आमचे अण्णा आणि अक्का. जिवाला जीव देणारी माणसं! आमचं बोलणं मोडक्यातोडक्या कन्नड-हिंदीत चालायचं, तुम्हाला मराठीतच सांगतो. त्यांच्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं. उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, जावई पहिल्यांदाच येणार होता. सोबत त्याची आई, मंड्याकडच्या खेड्यातली, घरी भरपूर शेतीवाडी. आणि नेमकी अक्का न्हाणीघरात घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली!

पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही श्रीखंड घेऊन खाली गेलो, तर अक्काच्या डोळ्यांत पाणी.

"आजचं होळिगे, तुमची पुरणपोळी हो, जावेनं येऊन केलं. पण उद्या तिच्या घरी तिचंच आहे. उद्या जावयाला कोण करून घालणार? हे म्हणतात हॉटेलातून आणू. पहिल्याच वर्षी हॉटेलचं? विहीणबाई काय म्हणतील? माझी मान खाली जाईल हो!"

मला ते बघवेना. खरंच बघवेना. मी छातीवर हात ठेवला.

"अक्का, उद्याचं जेवण माझ्याकडे!"

"तुमच्याकडे? उद्याचं?"

"उद्याचंच. मी स्वतः करणार."

"मटन?"

"मटनच की! मसाल्यासकट सगळं घरी. तुम्ही नुसतं वर या."

अक्कानं डाव्या हातानं माझा हात धरला. "आमची माणसं स्वल्प जास्ती आहेत हं."

"येऊ द्या की!"

अण्णा दारात उभे होते. "सार, उद्या म्हणजे, तुम्हाला माहीतच असेल ना, आमच्यात..."

"अण्णा, सगळं माहीत आहे! तुम्ही निवांत झोपा!"

जिन्यात शुभदा म्हणाली, "त्यांना वाक्य तरी पुरं करू द्यायचं होतं." मी म्हटलं, तू कांदे किती आहेत ते बघ.

सकाळी सहाला मटनाच्या दुकानी गेलो तर ही मोठी रांग! पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मला वाटलं, बेंगळुरातली माणसं रविवार मोठ्या निष्ठेनं पाळतात. माझ्या पुढच्यानं आठ किलो घेतलं. मनात म्हटलं, याची खानावळ असणार. त्याच्या पुढच्यानं सहा किलो घेतलं होतं, त्याचीही खानावळ. या भागात इतक्या खानावळी असून आपण बाहेर कधी जेवत कसे नाही, याचा मी बराच वेळ विचार केला.

माझा नंबर आला. "एक किलो खिमा."

सगळी रांग कळवळली. खाटीक सुरा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "खिमा? आज?"

मागचे एक आजोबा हळूच म्हणाले, "घरात माणसं कमी आहेत का, बाळ?"

"नाही हो, चिकार आहेत! जावई येतोय!"

आजोबांनी माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

दुपारपर्यंत मी घामाघूम. बन असे फुगलेले, असे तांबूस! सॉसचा रंग बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. एक वाजता जिन्यात पावलं वाजायला लागली आणि ती थांबेचनात. अक्का, अण्णा, लेक, जावई चंद्रू पांढऱ्याशुभ्र शर्टात, विहीणबाई, चंद्रूचे काका, काकांची पोरं, अण्णांची बहीण... शुभदा बन मोजत होती आणि माझ्याकडे बघत होती. शेवटी आम्ही बन अर्धे कापले.

छोट्या डिशमधून अर्धा-अर्धा बन सगळ्यांना दिला. चंद्रूनं पहिला घास घेतला आणि सॉस शर्टावर. मी टाळी वाजवली! "जमलं! असंच खायचं असतं ते!" विहीणबाईंनी बन उघडून आत पाहिलं, पुन्हा मिटला आणि देवाचं नाव घेऊन खाल्ला. सगळे भराभरा खाऊन मोकळे झाले.

"टिफिन छान होतं," अण्णा म्हणाले.

"छान, छान," सगळे म्हणाले.

मी खूश! आता पान-सुपारी द्यावी म्हणून आत वळलो, तर मागे खुडबुड. बघतो तर माणसं हात धुतायत. चंद्रूच्या काकांनी आमचा सोफा भिंतीकडे सरकवला. अण्णा खाली जाऊन केळीच्या पानांची गुंडाळी घेऊन आले. दोन पंगती मांडल्या, पानांवर पाणी शिंपडलं आणि सगळी माणसं मांडी घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली.

विहीणबाई म्हणाल्या, "हं. वाढा आता."

टिफिन म्हणजे नाश्ता! माझे बन यांनी नाश्ता म्हणून खाल्ले होते! आत पळालो. शुभदा शांतपणे श्रीखंडाचा डबा काढत होती.

"हे काय करतेयस?"

"पानात काहीतरी दिसायला नको? की ओव्हन नेऊन ठेवू?"

मटनाची वाट बघणाऱ्या माणसांच्या पानात तिनं कालचं श्रीखंड वाढलं. अण्णा उठून आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सार, काल उगादी, गोडाचा दिवस. आज होसतोडकु. आज घरोघरी मटन. आज जे ताटात पडतं, ते वर्षभर मिळतं म्हणतात आमच्यात."

अरे देवा! म्हणजे आमची धुळवडच की! कोल्हापुरात धुळवडीला घरी आलेल्या जावयाला कुणी गुळाचा खिमा आणि अर्धा बन वाढला असता, तर त्याला गावानं पंचगंगेत बुचकळून काढलं असतं. आणि मी तो चंद्रूच्या वर्षभराच्या ताटात वाढून बसलो होतो!

तेवढ्यात अक्का आली. तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं. तळाला चमचाभर सॉस.

"बाकीचं कुठंय?"

"हेच होतं, अक्का."

तिचा चेहरा असा उतरला की मला रडू येईल असं वाटलं. ज्या विहीणबाईंपुढे तिची मान वर राहावी म्हणून मी हा सगळा घाट घातला, त्या बाहेर नुसत्या श्रीखंडाच्या पानावर बसल्या होत्या.

अक्का मागच्या जिन्यानं खाली उतरली. मला वाटलं, गेली बिचारी तोंड लपवायला. पण पाचच मिनिटांत गल्लीतून तिचा आवाज ऐकू आला. प्लास्टरचा हात वर धरून ती दारोदार फिरत होती, आणि त्या दिवशी गल्लीत मटन नाही असं एकही घर नव्हतं! कुणी सारूचं, म्हणजे रश्श्याचं, पातेलं दिलं, कुणी सुकं, कुणी टोपलीभर मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गरमागरम गोळे. माझ्या जिन्यावरून पातेल्यांची वरात वर आली.

काय जेवली माणसं! मलाही पंगतीत बसवलं. लाजेनं घास उतरत नव्हता म्हणून सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? तिसऱ्यांदा रस्सा मागितला मी.

शेवटी विहीणबाईंनी समाधानानं ढेकर दिला. "गौरम्मा, अख्ख्या गल्लीनं माझ्या पोराला जेवू घातलं. अशी माणसं जोडलीत तुम्ही. माझ्या पोराला सासुरवाडी चांगली मिळाली."

अक्काचा चेहरा फुलला. माझाही जीव भांड्यात पडला.

मग विहीणबाई माझ्याकडे वळल्या. बराच वेळ मला निरखून पाहिलं, आणि फार मायेनं विचारलं, "ते मघाचं तुम्ही अमेरिकेत शिकलात म्हणे?"

मी जरा ताठ बसलो. "हो, अम्मा. तीन महिने होतो तिथे."

"अय्यो पापा, बिचारा!" म्हणत त्यांनी आणखी एक मुद्दा माझ्या पानात वाढला. "आणि मग जेवायला कुठं जात होतात?"