मासळीच्या गाडीला कार्बोरेटर

म्हणे वास येतो! अहो, मासळीच्या गाडीला मासळीचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार? त्या मोठ्या गॅरेजच्या काचेच्या केबिनपुढे उभं राहून मी हे ओरडले, त्याला आता दोन वर्षं झाली. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमची गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी जुनी व्हॅन. मागच्या सीटा काढून तिथे बर्फाच्या पेट्या ठेवलेल्या. पहाटे रेवदंड्याला धक्क्यावर मासळी घ्यायची, नवऱ्याने गाडी हाकायची, आणि तळा गावच्या आठवडी बाजारात मी पाटी उघडायची. तिथली माझी जागा पिंपळाजवळ, येण्याजाण्याच्या तोंडावर. आधी सासू बसायची, आता मी. अशा जागेचा कागद नसतो. आम्हा बसणाऱ्या बायकांचा आपसातला नियम एवढाच, की लागोपाठ तीन बाजार पाटी उघडली नाही तर जागा मोकळी. मग दुसरी बाई तिथे नारळ फोडते आणि बसते. आणि एकदा उठलेली बाई परत येते ती थेट गटाराच्या टोकाला. तिथे गिऱ्हाईक पोचेपर्यंत बांगड्याचे डोळे लाल होतात.

तर एका बाजाराच्या पहाटे गाडीने दोनचार गचके दिले, समोर पिवळा दिवा लागला आणि ती बंद पडली ती पडलीच. ओढून शहरातल्या गॅरेजात नेली. आज बघतो, उद्या बघतो करत त्यांनी नऊ दिवस काढले. तो आणि पुढचा, असे माझे दोन बाजार बुडाले. एसटीत ओली पाटी चढू देत नाहीत. भाड्याचा टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, आठवडाभर वास जात न्हाय. दुसरं कायपन सांगा."

दहाव्या दिवशी आम्हाला बोलावलं. पांढऱ्या शर्टातला साहेब म्हणाला, "इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्शनचा कंप्युटर गेलाय. या मॉडेलचा आता येत नाही. भंगारात द्या." मी विचारलं, कशानं गेला? तर म्हणतो, "ते सांगता येणार नाही. आमचे मेकॅनिक आत बसायला तयार नाहीत. वास येतो." मग मी जे बोलायचं ते बोलले. नवरा माझा हात ओढत होता, तरी बोलले.

गाडी दोराने बांधून परत आणली. तिसरा बाजार पाच दिवसांवर होता.

आमच्याकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते आले आणि बॉनेटबिनेट काही न बघता म्हणाले, "आधी सीट उचल." नवऱ्याने पुढची सीट उचलली. खाली कंप्युटरचा डबा होता. त्याला हिरवी बुरशी धरावी तसा गंज, वायरींच्या तोंडाला मिठाची पापडी, आणि वर चिकटलेले खवले.

"गाडी धुतं कोन?"

"मी," मी म्हटलं. मला त्याचा अभिमानच होता.

"कशानं?"

"खाडीच्या पान्यानं."

चाचांनी कपाळावर हात मारला. पण आमच्याकडे मासळीला लागलेली प्रत्येक वस्तू खाऱ्या पाण्यानेच धुतात. पाटी, कोयती, होडी, सगळं. खाऱ्याने वास निघतो आणि गोड्याने बसतो, हे आम्ही चालायला लागल्यापासून ऐकतो. शिवाय गोडं पाणी नळाला एक दिवसाआड, तेही धारेएवढं. म्हणून बाजारातून आलं की गाडी धक्क्याच्या उतारावर तोंड खाली करून लावायची आणि मागून बादल्या मारायच्या. पाच वर्षं मी हेच केलं. सगळं पाणी सीटखालून त्या डब्यावरून वाहत होतं.

चूक माझी होती. कबूल! पण सीट उचलायला दोन मिनिटं लागली. त्या लोकांनी नऊ दिवसांत ती उचलली नाही, आणि मला भंगाराचा रस्ता दाखवला. नाक मुरडायला वेळ होता मेल्यांना! पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की बाई, तुझ्या बादलीने गाडी खाल्ली, तर मी मान खाली घालून ऐकलं असतं.

चाचा म्हणाले, "कंप्युटर मेला. इंजन जितं हाय. पयले हिलाच बिनकंप्युटरचा कार्बोरेटर यायचा. तोच बसवू."

नवरा कुरकुरला, लोक पुढे जातात, आपण मागे का जायचं? मी म्हटलं, "तळ्याला पोचायचंय. मागे तर मागे."

दुसऱ्या दिवशी तो उरणला भंगारवाल्यांकडे गेला. तिथून जुन्या व्हॅनचा कार्बोरेटर, तो ज्यावर बसतो ती हवेची नळकांडी, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर घेऊन आला, कारण ठिणगीचं कामही तो मेलेला कंप्युटरच बघायचा. चाचांनी सगळं रॉकेलमध्ये धुतलं, फुंकर मारून बारीक भोकं मोकळी केली आणि बसवलं. चावी फिरवली, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल भळाभळा वाहायला लागलं! नवरा विडी ओढत उभा होता. मी ती हिसकून खाडीत टाकली. चाचा स्वतःलाच शिव्या घालत खाली बसले. टाकीतला जुना पंप तसाच राहिला होता, आणि त्याचा दाब इंजेक्शनसाठी, कार्बोरेटरला न झेपणारा. तो काढून कमी दाबाचा पंप लावण्यात आणखी एक दिवस गेला. चोकसाठी रिक्षाची तार ओढून घेतली.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चोक ओढला आणि गाडीने धूर सोडला, खोकली, आणि चालू झाली. मी रडले. उघड उघड, धक्क्यावर, सगळ्यांसमोर. "बदलाचा कागद करून घ्या, टाळू नका," असं चाचा बजावत होते. तो पुढे आरटीओत सहा खेपा घालून केला.

तळ्याला पोचलो तेव्हा पिंपळाजवळ एक बाई बसलेली होती. पाटी अजून झाकलेली, हातात नारळ. मी माझी पाटी दाणकन शेजारी ठेवली. "तिसरा बाजार आज उजाडलाय, बाय. गेला न्हाय." माझी पाटी उघडली. बांगडा लखलखीत होता. आजूबाजूच्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती उठली. जाता जाता नाकाला पदर लावून म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय तुझ्या अंगाला."

"येऊ दे!" मी म्हटलं.

घरी आल्यावर सवयीने बादली घेऊन खाडीकडे वळले आणि थांबले. परत आले, पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे उचलले आणि गाडी धुतली. नळ दुसऱ्या दिवशी येणार होता. नवरा टॉवेल खांद्यावर घेऊन दारात उभा.

"आनि मी आंघोळ कशानं करू?"

"खाडी काय आटलीय?" मी म्हटलं.