जावेचं घर विकताना

घरं विकून देणाऱ्या बाईला स्वतःचं घर नसावं, याचं लोकांना फार हसू यायचं. पर्समध्ये सदा दुसऱ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या खुळखुळायच्या, म्हणून तिला सगळे किल्लीबाई म्हणत. संध्याकाळी भाड्याच्या दोन खोल्यांपाशी आली की मात्र नवऱ्याला हाक मारून दार उघडायला लावायची, कारण नेमकी तेवढीच किल्ली सापडायची नाही.

रोज इतकी घरं बघायची, पण पोटात दुखायचं ते एकाच घरावरून. थोरल्या जावेच्या.

तिकडे जेवायला गेली की भांडी पुसता पुसता ती सगळं डोळ्यांनी मोजून घ्यायची. ओट्याची उंची, सकाळचं ऊन, जिन्याखालचं ते कपाट, ज्यात अख्ख्या घराचा पसारा गडप व्हायचा. आणि परतताना नवऱ्याला म्हणायची, "घर बरं आहे हो, पण गिलावा कच्चा आहे."

मग थोरल्या दिरांचा धंदा बसला, कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेने घर लिलावात काढायचं ठरवलं. थोरली पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागायला आली. "तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं, घर घेणारं?"

किल्लीबाईला आत कुठेतरी गार वाटलं. मग त्याचीच लाज वाटून ती चहा टाकायला उठली.

पण धंदा तिला कळत होता. लिलावात घर मातीमोल जातं आणि घरवाले रिकाम्या हातांनी बाहेर पडतात. त्याआधीच रास्त भावाने विकलं, तर बँकेचं देऊन काहीतरी उरतं. दुसऱ्याच दिवशी ती जावेला घेऊन बँकेत गेली.

"साहेब, तुम्हाला घर हवंय का पैसे?"

"घर घेऊन मी काय करू?"

"मग लिलाव थोडा पुढे ढकला. गिऱ्हाईक मी आणते, पैसे तुमच्याच टेबलावर येतील."

साहेबांनी मुदत दिली. तिने ती लेखी मागून घेतली.

पहिलं गिऱ्हाईक थोरलीनेच घालवलं. डोळे पुसत म्हणाली, "काय करणार, विकायची वेळच आली." गिऱ्हाईकाने तिथल्या तिथे भाव पाडला.

"ताई, आपण अडलोय हे आपल्या तोंडाने सांगायचं नसतं," किल्लीबाई म्हणाली. "पुढच्या वेळी तुम्ही गच्चीवर बसा. तोंड मी चालवते."

पुढच्या वेळी एक जोडपं आलं. नेहमीचं ठरलेलं बोलावं, म्हणून तिने तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडू लागलं. "इथे ओट्यापाशी उभ्या राहा. कंबर वाकवावी लागते का? नाही ना? सकाळी ऊन या फरशीपर्यंत येतं, मग आपणहून मागे सरतं. या भिंतीला ओल येते, खोटं कशाला सांगू; बाहेरून गिलावा केला की जाईल. आणि हे कपाट बघा, अचानक पाहुणे आले तर यासारखा मित्र नाही."

"तुम्ही इथेच राहता का?" बाईने विचारलं.

"नाही हो. नुसती नजर ठेवून आहे, वर्षानुवर्षं."

जोडपं हसलं. थोडी घासाघीस झाली आणि सौदा ठरला.

बँकेचं देणं फिटलं, लिलाव टळला. भाड्याचं घर घेऊन धंदा पुन्हा उभा करता येईल, इतकं थोरलीच्या हाती उरलं. बँकेच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यात बसून सगळं ऐकलं मी."

"गच्चीवर बसा म्हटलं होतं ना?"

"इतक्या वर्षांत माझ्या घराला एक बरा शब्द नाही बोललीस. गिऱ्हाईक दिसल्यावर बरा कंठ फुटला."

"तुम्हाला म्हटलं असतं तर तुम्ही आणखी फुगला असतात."

थोरलीला हे नाकारता आलं नाही. "बरं, दलाली किती द्यायची?"

"सगळ्यांकडून घेते तेवढीच. पूर्ण."

"घरच्या माणसाकडूनही?"

"फुकट केलं ना ताई, तर जन्मभर ऐकवत बसेन तुम्हाला. माझा स्वभाव मला माहीत आहे."

"मलाही," थोरली म्हणाली आणि तिने पर्स उघडली.