चौतीस मिलिमीटर खाली

मापाच्या बाबतीत आमच्या इवायांइतका हट्टी माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडणार नाही, आणि हे मी रागात सांगत नाही. रागात सांगायचं असतं तर भंडारा आणि यवतमाळही धरले असते. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. त्यांचा सगळा जन्म कोळशाच्या खाणींत मोजणीच्या कामात गेला, आता निवृत्त होऊन भद्रावतीला असतात. मी आरमोरीचा, सागवानाचा व्यापारी. दुसऱ्याच्या आरामशीनवर ओंडके ढकलत सुरुवात केली आणि स्वतःच्या आरामशीनपर्यंत आलो. सौद्याला बसलो की भलेभले माझ्यापुढे नरमतात. पण या एका माणसापुढे माझा इंचभर निभाव लागत नाही, कारण इंच हा शब्द निघाला की ते मुळी ऐकूच न आल्यासारखे भिंतीकडे बघतात.

आता खरं सांगायचं तर आपण सगळे दोन्ही मापांत सुखानं नांदतो. कापड मीटरवर घेतो आणि ते घालणाऱ्याची उंची फुटात सांगतो. रस्ता किलोमीटरचा, पण त्यावर पळणारं चाक इंचाचं. सोनं बिलात ग्रॅमनं येतं आणि बायकांच्या बोलण्यात तोळ्यानं. माझ्या दुकानातल्या प्लायवूडचंच बघा, लांबी-रुंदी फुटात आणि जाडी मिलिमीटरमध्ये. एकाच फळीत दोन सरकारं आहेत, पण त्यांचं भांडण झालेलं मी आजवर पाहिलं नाही. इवायांना हे चालत नाही. त्यांच्या राज्यात एकच सरकार.

याची पहिली चुणूक मुलगी दाखवायच्या दिवशीच मिळाली. माझ्या बहिणीनं कौतुकानं सांगितलं, पोरगी पाच फूट दोन इंच आहे. इवाई क्षणभर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "म्हणजे एकशे सत्तावन्न." आमचे मामा तिकडं पोह्यांच्या बशा मोजत होते, त्यांना वाटलं वरातीला इतकी माणसं आणणार आहेत. "शंभराच्या वर नाई झेपत जी आमाले," मामा हात जोडून म्हणाले. इवायांनी शांतपणे विचारलं, "शंभर सेंटिमीटरची पोरगी कशी चालन?" लग्न मोडता मोडता राहिलं.

पुढं मानपानाच्या लुगड्यांची यादी निघाली, तर नऊवारीला ते सव्वाआठ मीटरी लुगडं म्हणू लागले. इहीनबाई, म्हणजे त्यांची बायको, तोंडाला पदर लावून मला म्हणाल्या, "दुकानदाराजवळ असं नका बोलजा, तो ठाणावरून पडदा कापून देईन." पोंभुर्ण्याला त्यांचं वडिलोपार्जित शेत आहे. सगळं गाव त्याला चार एकर म्हणतं, हे एक हेक्टर बासष्ट आर म्हणतात. गड्यानं किती खंडी धान झालं असं सांगितलं, तर किलो केल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही. एकदा इहीनबाईंचा सकाळी सकाळी फोन आला, "यायचं अंग भट्टीसारखं लागून राह्यलं, अन् हे म्हणते अडतीसच ताप आहे." माझ्या बायकोनं डोळ्याला पाणी आणलं. शंभराच्या खाली माणूस गार, अडतीस म्हणजे तर संपलाच. गाडी काढून आम्ही आरमोरीहून भद्रावती गाठली, तर इवाई खाटेवर बसून खिचडी खात होते. "अडतीस पूर्णांक चार," ते म्हणाले. "एवढ्यासाठी तुमी काऊन आले?"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. एक मोठं गिऱ्हाईक माझ्याकडे घरभराचं लाकूड घ्यायला आलं होतं. तासभर ओढाताण करून मी त्याला माझ्या भावावर आणलं होतं, बस, हातावर हात मारायचा बाकी होता. तेवढ्यात इवाई पाहुणे म्हणून आले. दोन इंची फळी समोर पडलेली. यांनी खिशातून पोलादी टेप काढला, फळीची जाडी मोजली आणि म्हणाले, "शेहेचाळीस मिलिमीटर. दोन इंच नाई." अहो, करवत आपला घास घेते, रंधा आपला घास घेतो, हे या धंद्यात पोरासोरांना ठाऊक असतं. पण गिऱ्हाईक उठलं आणि समोरच्या दुकानात गेलं. त्या दिवशी मी इवायांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग आमचं बोलणं बंद झालं. ते गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

मात्र हा माणूस असा का झाला, ते मला ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून त्यांनी एकदाच सांगितलं होतं. उमेदीच्या दिवसांत ते एका खाणीत होते. जुनं, पाण्यानं भरलेलं काम, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेला भाग, पलीकडं किती अंतरावर आहे, ते इंग्रजांच्या वेळच्या नकाशात लिहिलं होतं. नवा नकाशा मीटरचा. जुन्यातले साठ फूट कोणीतरी साठ मीटर म्हणून उतरवले. "पाणी आलं," इवाई वरणभात कालवत म्हणाले. "सारे निंगालो बाहेर. पण बाजूच्यानं माह्या मनगटाले असं धरलं होतं का त्याचे बोटं उमटून होते." पुढं जिलेबी आली आणि विषय संपला.

आमच्या अबोल्यात सगळ्यात हाल माझ्या मुलीचे झाले. ती आणि जावई भद्रावतीला सगळ्यांसाठी नवं घर बांधत होते आणि मोठ्या दाराची सागवानी चौकट माहेरची, असं मी आधीच कबूल केलं होतं. चौकटीचं माप हवं होतं. मी फोन करणार नाही, हे ठरलेलं होतं. शेवटी एका दुपारी इवायांचाच फोन आला. "उंची सात फूट ठेवजा. रुंदी साडेतीन." इतकं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी तिथंच खुर्चीवर बसलो. हा माणूस फुटात बोलला. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "आला शेवटी ताळ्यावर." त्या आनंदात मी माणूस पाठवून जागा मोजून घेतली नाही. आणि कशाला घेऊ? माझ्या अख्ख्या धंद्यात ज्याचं माप पुन्हा मोजायची गरज नाही असा हा एकच माणूस.

मुहूर्ताच्या सकाळी मी स्वतः टेम्पोत चौकटीशेजारी बसून गेलो. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला, खाली रुंद उंबरठा. बायकांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, नारळ फुटला. चौघांनी चौकट उचलून जागेवर नेली. रुंदीचं चार विटा छिलून भागलं, पण उंचीला वर काँक्रीट होतं.

"बसत नाई जी," मिस्त्री म्हणाला.

इवायांनी टेप काढला. आधी जागा मोजली, मग चौकट. मग पुन्हा जागा. "दोन हजार शंभर," ते म्हणाले, "अन् चौकट दोन हजार एकशे चौतीस." टेप त्यांच्या हातातून सुटून सर्रकन डबीत गेला. सगळे नातेवाईक माझ्याकडं बघत होते. मुलगी तर हातातलं ताम्हण तसंच धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला माझा राग माहीत आहे. आता मी उखडलो तर या उंबरठ्यावर मी पुन्हा येणार नाही, हेही तिला माहीत होतं.

"चूक माही होय," इवाई सर्वांसमोर म्हणाले. "दोनशे दहा सेंटिमीटरले तीसनं भागलं म्या. शाळेच्या पट्टीवर एका बाजूनं बारा इंच, दुसऱ्या बाजूनं तीस सेंटिमीटर असते न, तेच धरलं."

"तुमी? तीसनं?" माझ्या तोंडून निघालं.

"बरोबर हिशेबानं सहा फूट पावणेअकरा इंच येत होते. तसं सांगतलं असतं तं तुमी हासले असते. तुमाले सरळ सात सांगाव म्हटलं. तुमच्यासारखं."

फळीच्या दिवसापासून साठवून ठेवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला पंगतीतलं ते मनगट आठवलं. मी म्हणालो, "मंग? चौतीस मिलिमीटर म्हणजे का लय असते जी?" मिलिमीटर हा शब्द माझ्या तोंडून कसा आला, मला अजून कळलेलं नाही. मुलीनं ताम्हण खाली ठेवलं.

मी करवत मागितली, तर इहीनबाई आडव्या आल्या. "हळद लागली त्या लाकडाले. आता करवत नाई लावू देत म्या."

"मंग जमीन खोदा," मी म्हणालो.

"किती खोदू?" मिस्त्रीनं विचारलं.

"सव्वा इंच, वर अर्धं सूत," मी म्हणालो. "चौतीस मिलिमीटर," इवाई त्याच वेळी म्हणाले. मिस्त्रीनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "दोन बोटं खोदतो न भाऊ," तो म्हणाला आणि छिन्नी घेऊन खाली बसला. मुहूर्त टळायच्या आत चौकट उभी राहिली.

तो उंबरठा इतर घरांतल्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. तेव्हा नातेवाईक हसले, पण गुडघेदुखीच्या इहीनबाई त्यावरून सहज जाऊ-येऊ लागल्या. गेल्या वर्षी इवायांना अर्धांगाचा झटका आला. आता चार पायांची काठी पुढं सरकवत ते चालतात. बाकी घरात पाय अडखळतो, म्हणतात, त्या उंबरठ्यावर नाही अडखळत. पूर्वी सकाळी किती किलोमीटर चाललो ते सांगायचे. आता मीटर सांगतात.

मी रोज दुकान उघडण्याआधी फोन करतो. परवा विचारलं, "आज किती इवाई?"

"चाळीस मीटर," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "अंगणापर्यंत जाऊन वापस."

"म्हणजे एकशे एकतीस फूट," मी म्हणालो. "लय झालं न जी."

मला वाटलं, फूट ऐकून नेहमीसारखे भिंतीकडं बघत असतील.

"फुटात जास्त वाटते, नाई?" ते म्हणाले. "उद्या बी फुटातच सांगजा."