सोनबा आबांची गुंगी

आबा खुर्चीतच पेंगत होते. हलवलं की डोळे उघडून विचारायचे, "मेंढरं आत घेतली का?" मेंढरं विकून त्यांना पंधरा वर्षं झाली होती.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. दौंडला माझं छोटं हॉस्पिटल होतं. मांडवगण फराट्याचे सोनबा आबा माझे जुने पेशंट. बारा दिवसांपूर्वी पुण्यात त्यांची बायपास झाली होती. घरी आले तेव्हा चांगले बोलत होते, असं त्यांची सून सुनंदा सांगत होती. "दोन दिसांपासून असं करत्यात. घास तोंडात ठिवूनच झोपत्यात."

पहिला संशय पॅरालिसिसचा. पण हातपाय नीट हलत होते. शुगर नॉर्मल, ताप नाही, ईसीजीत नवीन काही नाही. पुण्याच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, मेंदूत गुठळी असेल, पाठवून द्या. मी गाडी सांगितली, पण मन मानेना. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या. श्वास मिनिटाला जेमतेम दहा. ही लक्षणं अफूच्या जातीच्या वेदनाशामकाची. बायपासला छातीचं हाड कापतात, म्हणून अशी गोळी थोडे दिवस देतात. पण डिस्चार्ज कार्डावरचा डोस माफक होता. कशाचा कशाला मेळ लागेना.

शेवटी म्हटलं, देता त्या सगळ्या गोळ्या दाखवा. सुनंदाबाईंनी दोन पट्ट्या काढल्या. एक पुण्याची. दुसरी, खोकताना छाती दुखते म्हणून तीन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली. नावं वेगळी, रंग वेगळे. बारीक अक्षरांत औषध एकच, ट्रॅमाडॉल, तेच अफूच्या जातीचं. सुनंदाबाई दोन्ही वेळच्या वेळी देत होत्या.

"म्हंजी मीच त्यास्नी..."

"तुम्ही नाही. आम्ही डॉक्टरांनी."

सर्जनना कळवून गाडी थांबवली. गोळ्या बंद केल्या, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी आबांनी मला ओळखलं, पण आता छाती धरून कण्हू लागले. मी पुन्हा कोड्यात. गोळी दिली तर गुंगी; न द्यावी तर दुखण्यामुळं खोकणार नाहीत, कफ साठून न्यूमोनिया होईल. मग साधं पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखायची वाट न बघता. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. ट्रॅमाडॉल फक्त झोपताना, अर्धी. आठवड्यात तीही सुटली.

"दुखतंय, पर सोसतंय," आबा म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

तेव्हापासून मी कार्ड नंतर वाचतो. आधी पेशंटच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगतो.