पाचव्या कापाखाली

वागळे इस्टेटमधल्या चिकनच्या दुकानात एक तरुण मुलगी मला दर बुधवारी दिसायची. मी पत्नीच्या मांजरीसाठी तुकडे घ्यायला जायचो. पत्नी पोटातल्या गाठीने गेली, मांजर मागे राहिली. ती मुलगी मात्र प्रत्येक कापाची जाडी मोजपट्टीने मोजायची आणि काप जाड निघाला तर परत करायची.

"मॅडम, एवढ्या पातळ कापांची बिर्याणी होते का?" दुकानदार चिडवायचा.

"आमच्या लॅबमध्ये होते, दादा."

एकदा मी विचारलंच. शरीरातली गाठ दिसावी म्हणून प्रकाश देणारे नॅनोकण ती तपासून बघत होती. कणांच्या कुपीवर मांसाचे काप रचायचे आणि उजेड कुठवर वर येतो ते पाहायचं. "हिरवे कण उघड्यावर लख्ख दिसतात, काका, पण एका कापाखालीच विझतात. दुसऱ्या कणांचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. कॅमेऱ्याला मात्र तो चार कापांखालून दिसतो."

"आणि पाचव्याखालून?"

"नाही अजून."

त्यानंतर मला बुधवारपर्यंत चैन पडेना. घरातल्या घरात फेऱ्या मारायचो. दुकानात शिरताच "किती?" विचारायचो आणि ती चार बोटं दाखवायची.

परवा ती म्हणाली, "नवे कण, काका," आणि तिने अख्खा पंजा उघडला.

पत्नीची गाठ त्याहून कितीतरी खोल होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी दुकानदाराला म्हणालो, "यांना आजपासून सहा काप देत जा."